मधल्या माणसाचा पत्ता

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

वरूड म्हटलं की लोकांना संत्री आठवतात. साहजिकच आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका. एका अंगाला मोर्शी, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, आणि मधे जिकडे पाहावं तिकडे संत्र्याच्या बागा. मला मात्र वरूडच्या संत्र्यांबरोबर एक पासवर्डही आठवतो. त्या पासवर्डातल्या एका चिन्हापायी आमच्या संगणकाच्या लॅबचे तीन दिवस वाया गेले होते. गोष्ट २००८ सालची आहे. ती आज सांगतो आहे, कारण त्या तीन दिवसांत मी ज्या कुलपाशी झटत होतो, त्यामागे मोठा इतिहास आहे हे मला पुढे कळलं. आणि तो इतिहास आपल्यासारख्या लहान गावांच्या फार जवळचा आहे.

मी तेव्हा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात लॅब सांभाळत होतो. वीस संगणक, एक म्हातारा यूपीएस आणि भिंतीवर चिकटवलेलं भारनियमनाचं वेळापत्रक, एवढा आमचा संसार. त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत इंटरनेट म्हणजे टेलिफोनवरून १७२२३३ हा नंबर फिरवायचा, मोडेमची शिट्टी ऐकायची आणि लाइन तुटू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि यथावकाश आमच्याकडेही पोचलं. वेग २५६ केबीपीएस. आज हा आकडा ऐकून मुलं हसतात. आम्हाला तेव्हा तो विहिरीला पाणी लागल्यासारखा वाटला होता.

पण विहीर एक आणि शेतं अनेक. कार्यालय, ग्रंथालय, लॅब, सगळ्यांना मिळून ती एकच लाइन. म्हणून कार्यालयातल्या एका संगणकाला मधे बसवलेलं होतं. लॅबमधल्या कुठल्याही यंत्रानं बाहेरचं काही मागितलं, की ती मागणी आधी या मधल्या संगणकाकडे जायची. तो आपल्या नावानं बाहेर जाऊन वस्तू आणायचा आणि ज्याची त्याला द्यायचा. याला म्हणतात प्रॉक्सी सर्व्हर. प्रॉक्सी हा शब्द कॉलेजात शिकलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मित्र वर्गात नसताना त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणणं म्हणजे प्रॉक्सी. इथे तेच काम यंत्र करतं, आणि उघडपणे करतं.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात शेंदुरजनाघाटकडची एक मुलगी होती. वडिलांची संत्र्याची बाग. तिनं प्रकल्प म्हणून बागेच्या हिशेबाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. आंबिया बहार किती, मृग बहार किती, झाडं किती, व्यापाऱ्याला किती हजार फळं मोजून दिली, पैसे किती आले आणि किती राहिले. सगळी नावं मराठीत, कारण हिशेब वडिलांना वाचता यायला हवा होता. घरून ती मजकूर टाइप करून घेऊन आली. लॅबमधल्या यंत्रावर उघडलं, तर अक्षरांच्या जागी चौकोनच चौकोन.

“सर, हे तं नुसते डबेच दिसून राहिले,” ती म्हणाली.

आमच्या लॅबमध्ये डेबियन नावाची लिनक्स प्रणाली होती. फुकट, कायदेशीर, आणि जुन्या यंत्रांवर चालणारी. तिच्यात देवनागरी फॉन्ट घातलेला नव्हता. मी म्हटलं, त्यात काय, आत्ता टाकतो. डेबियनमध्ये एखादी वस्तू हवी असेल तर पॅकेज मॅनेजरला नुसतं नाव सांगायचं; तो ती इंटरनेटवरच्या भांडारातून आणतो आणि बसवतो. मी नाव सांगितलं. मिनिटभर थांबून त्यानं उत्तर दिलं, भांडाराशी संपर्क होत नाही. शेजारच्याच खिडकीत ब्राऊझर उघडा होता आणि त्यात बातम्यांची पानं भराभर उघडत होती. मुलगी म्हणाली, “सर, इंटरनेट तं सुरू हाय. मंग हे काहून येत नाही?”

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर देण्यासाठी दोन्ही बाजूंचा थोडा इतिहास सांगायला हवा. आधी पॅकेज मॅनेजरचा.

आपल्याकडे बहुतेकांनी संगणक शिकला तो एमएस-सीआयटीच्या वर्गांत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं २००२ च्या सुमाराला हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत नेला. तिथे सॉफ्टवेअर म्हणजे सीडी, ती घालायची आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचं. लिनक्सच्या जगात सुरुवातीला हेही सुख नव्हतं. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आणायचा आणि आपल्या यंत्रावर तो घडवायचा. घडवताना कळायचं, की याला आणखी एक वस्तू लागते. ती आणली की तिला तिसरी लागायची.

संत्र्याचं कलम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चटकन समजेल. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याचं रोप थेट बी पेरून करत नाहीत. आधी जंबेरीचा खुंट वाढवतात आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंट नसेल तर डोळा वाळतो. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. एका पॅकेजला दुसऱ्याचा खुंट लागतो, त्याला तिसऱ्याचा. कुणाला काय लागतं याची नोंद ठेवणारा आणि सगळं एकदम आणून क्रमानं बसवणारा कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर.

ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉक या तरुणानं डेबियनची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, यांची नावं जोडून केलेलं हे नाव. जगभरच्या स्वयंसेवकांनी एकेक पॅकेज सांभाळायचं आणि सगळ्यांनी मिळून एक भांडार भरायचं, ही त्यामागची कल्पना. पण ते भांडार दुरून वापरायचं सोपं अवजार यायला आणखी काही वर्षं जावी लागली. ते अवजार म्हणजे अॅप्ट. मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियनच्या २.१ या आवृत्तीतून ते लोकांच्या हाती पडलं. रेड हॅटच्या कुळात आरपीएम आणि पुढे यम ही अवजारं आली. आज आपण फोनवर ज्या दुकानातून अॅप घेतो, त्या दुकानाचे हे थोरले भाऊ.

मात्र या सगळ्यांचं एक गृहीत होतं. यंत्राला इंटरनेट सरळ आणि सतत मिळेल, हे ते गृहीत. विद्यापीठांत राहणाऱ्यांना ते मिळत होतं. वरूडला नव्हतं. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट सामान्य लोकांसाठी खुलं केलं, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत. त्याआधी १९८६ पासून अर्नेट नावाचं जाळं होतं. त्यात मुंबईतली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था अशा मोजक्या संस्था होत्या. मुंबईच्या संस्थेत हे काम उभं करणारे डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा २०१४ मध्ये जगातल्या ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. अशा रस्त्यानं, एकेक टप्पा करत, ते जाळं आपल्यापर्यंत आलं. तोवर सॉफ्टवेअर यायचं ते टपालानं किंवा एसटीनं. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाच्या अंकासोबत लिनक्सची सीडी मिळायची, ती लोक जपून ठेवत. उबुंटूच्या कंपनीनं तर २०११ पर्यंत मागेल त्याला घरपोच फुकट सीडी पाठवल्या. आमच्याकडेही असं पाकीट आलं होतं. पोस्टमननं सही घेताना विचारलं होतं, “सर, फॉरेनचं हाय, काही नोकरीचं हाय काय?”

आता प्रॉक्सीची बाजू. मधला माणूस का लागला? पहिलं कारण भीतीचं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा एक प्रोग्रॅम जाळ्यात सुटला आणि यंत्रामागून यंत्र बंद पाडत गेला. सुमारे सहा हजार यंत्रांना तो भोवला, असा तेव्हाचा अंदाज होता. त्यानंतर संस्थांनी आपल्या जाळ्याभोवती भिंती बांधायला घेतल्या. भिंत झाली, पण आतल्या माणसांना बाहेरचं काहीच दिसेना. मग भिंतीला एक खिडकी ठेवली आणि खिडकीशी एक विश्वासू कारकून बसवला. मे १९९४ मध्ये जिनिव्हाला वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सर्न या प्रयोगशाळेतले आरी लुओतोनेन आणि इंटेलचे केव्हिन आल्टिस यांनी तिथे वेब प्रॉक्सीवर एक निबंध मांडला. हा कारकून कसा काम करील ते त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या कामाची. एकानं मागवलेली वस्तू कारकुनानं आपल्याजवळ ठेवून घ्यावी आणि दुसऱ्यानं मागितली की पुन्हा बाहेर न जाता तीच द्यावी.

या साठवणुकीचं काम पुढे गाजवलं ते ‘स्क्विड’ नावाच्या सॉफ्टवेअरनं. अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातून ते निघालं आणि १९९६ पासून ड्युआन वेसल्स यांच्या देखरेखीखाली वाढलं. फुकट मिळायचं आणि साध्या यंत्रावर चालायचं, म्हणून जगभरच्या शाळा-कॉलेजांत शिरलं. आमच्या कार्यालयातला कारकूनही स्क्विडच होता.

साठवणुकीचा फायदा किती, तो हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवत असे. ६० एमबीचं एखादं पॅकेज २५६ केबीपीएसच्या लाइनवरून यायला अर्धा तास लागतो. वीस यंत्रांवर वीस वेळा आणलं तर दहा तासांहून जास्त. मधल्यानं एकदा आणून ठेवलं तर पहिल्या यंत्राला अर्धा तास आणि बाकीच्यांना काही सेकंद. मात्र यात एक मेख होती. स्क्विड मुळात ४ एमबीपेक्षा मोठी फाइल साठवतच नसे. ती मर्यादा वाढवायला सांगावं लागायचं. ज्यांना हे माहीत नव्हतं, त्यांच्या लॅबमध्ये कारकून असूनही प्रत्येक यंत्रासाठी नव्यानं हेलपाटे घालायचा. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचं डाउनलोड मोजलं जात नसे. त्यामुळे कित्येक रात्री मी लॅबमध्येच जागून काढल्या आहेत. मधेच वीज गेली तरी अॅप्ट अर्धवट आलेला भाग टाकून देत नसे. वीज आली की तिथून पुढे चालू करी. त्या काळात त्या गुणाची किंमत फार मोठी होती.

तर, मुलीच्या प्रश्नाकडे येतो. इंटरनेट चालू आहे, मग फॉन्ट का येत नाही?

पहिल्या दिवशी कळलं ते हे. मधल्या माणसाचा पत्ता ब्राऊझरला सांगितलेला होता. ब्राऊझरनं तो आपल्यापुरता लक्षात ठेवला. पॅकेज मॅनेजरला तो कोणीच सांगितला नव्हता. तो बिचारा सरळ भिंतीवर डोकं आपटत होता. एका घरात दोन भाऊ राहत असले, तरी एकाला सांगितलेला निरोप दुसऱ्याला आपोआप कळत नाही, तशातला प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी संगणकालाच सांगून ठेवलं, की बाहेर जायचं तर या पत्त्यावरून जा. लिनक्समध्ये त्यासाठी ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ नावाची एक खूणगाठ असते. तरीही नाहीच. कारण उमगायला संध्याकाळ झाली. मी निरोप ठेवला होता तो माझ्या नावानं. पण नवं पॅकेज बसवायचं तर यंत्राचा मुख्य कारभारी होऊन आज्ञा द्यावी लागते. आणि त्या पदावर जाताना यंत्र, सुरक्षेसाठी, आधीच्या माणसाच्या बहुतेक खुणगाठी सोडून टाकतं. म्हणजे माझा निरोप माझ्यापाशीच राहिला.

मग खुद्द अॅप्टच्या दप्तरात पत्ता लिहायचा ठरवलं. ‘अॅप्ट डॉट कॉन्फ’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात एकच ओळ. ‘अॅक्वायर’, मग दोन अपूर्णविराम, ‘एचटीटीपी’, पुन्हा दोन अपूर्णविराम, ‘प्रॉक्सी’. पुढे अवतरणचिन्हांत मधल्या यंत्राचा पत्ता आणि त्याच्या दाराचा क्रमांक. स्क्विडचं नेहमीचं दार ३१२८. ओळीच्या शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम मी पहिल्यांदा विसरलो आणि अॅप्टनं फाइल वाचायलाच नकार दिला. घातला, तर उत्तर आलं ४०७. हा प्रॉक्सीचा ठरलेला आकडा आहे. अर्थ असा, की मी आहे, पण आधी तुम्ही कोण ते सांगा.

तिसऱ्या दिवशी पत्त्यात नाव आणि पासवर्ड घातला. आता नवाच घोळ. अॅप्ट म्हणू लागला, या नावाचं यंत्र सापडत नाही. मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. त्या यंत्राच्या नावात आमच्या पासवर्डाची शेपटी होती! तेव्हा डोक्यात उजेड पडला. अशा पत्त्यात पासवर्ड कुठे संपतो आणि यंत्राचं नाव कुठे सुरू होतं, हे ‘अॅट’च्या चिन्हावरून ठरतं. ज्यानं पासवर्ड ठरवला, त्यानं मोठ्या हुशारीनं त्यात तेच चिन्ह घातलं होतं. अॅप्टनं पहिलं चिन्ह दिसताच पासवर्ड संपला असं मानलं. आजच्या अॅप्टमध्ये त्या चिन्हाऐवजी टक्क्याची खूण आणि ४० हा आकडा लिहून भागतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

पासवर्ड बदलून मागायला गेलो, तर तो ज्यांच्या ताब्यात होता ते गृहस्थ तयार होईनात. “सगळ्यांचा बदलावा लागेल,” म्हणाले. त्यांची अडचण खोटी नव्हती. पण मुलीचा प्रकल्प परवावर आला होता, आणि एका चिन्हासाठी मला अर्ज लिहायला सांगत होते. मला राग आला, तो आजही आठवतो. मग मीच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून दिली. अॅप्टच्या फाइलमध्ये लिहिलेला पासवर्ड लॅबमधल्या कुठल्याही मुलाला वाचता येतो. तेव्हा पासवर्ड लिहून घेण्यापेक्षा लॅबच्या वीस यंत्रांचे क्रमांकच प्रॉक्सीला सांगून ठेवावेत आणि त्यांना पासवर्ड विचारू नये, हे जास्त सुरक्षित. हे त्यांना पटलं. पाच मिनिटांचं काम होतं. संध्याकाळी साडेचारला फॉन्ट उतरला, आणि चौकोनांच्या जागी ‘आंबिया बहार’ अशी ठसठशीत अक्षरं उमटली.

या फॉन्टांचाही इतिहास मोठा आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधले प्रा. जितेंद्र शाह आणि त्यांच्या इंडिकट्रान्स गटानं ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट सिद्ध केला. रेड हॅटनं २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त केले, आणि पुढे त्यांची देखभाल पुण्यातून होत राहिली. म्हणजे मुंबई-पुण्यात सांभाळलेली आपलीच अक्षरं परदेशातल्या भांडारात जाऊन, समुद्राखालच्या तारेतून परत येऊन, आमच्या कार्यालयातल्या मधल्या यंत्राच्या हातून वरूडला पोचली होती.

प्रकल्प दाखवायच्या दिवशी मुलीचे वडील आले होते. खुर्चीवर बसायला संकोचत होते. मुलीनं हिशेबाचं पान उघडून दिलं. त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग मुलीनं त्यांना सांगितलं, की ही अक्षरं कशी मधल्या यंत्राकडून मागवावी लागली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मला म्हणाले, “सर, हे मधातल्यानं आणलं म्हनता. तं त्यानं अंदर काही बदललं नसंल कशावरून?”

बागेचा सौदा ज्यानं आयुष्यभर केला आहे, त्यालाच हा प्रश्न सुचावा. संत्री हजाराच्या भावानं मोजून द्यायची. मोजणारा व्यापाऱ्याचा. किती फळं ‘डागी’ म्हणून बाजूला काढली, किती खरंच डागी होती, हे नंतर कोण सांगणार? मधला माणूस प्रामाणिक निघाला तर नशीब, नाही तर पुढचा हंगाम. माझ्या वडिलांनीही हेच केलं होतं. मला तो प्रश्न म्हणूनच लागला. त्या क्षणी मी त्यांना अर्धंमुर्धं उत्तर दिलं. पूर्ण उत्तर शोधायला मला आणखी वाचावं लागलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं सोनं ते आहे.

उत्तर असं. डेबियनच्या भांडारातल्या प्रत्येक पॅकेजचा एक ठसा गणितानं काढलेला असतो. पॅकेजमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. सगळे ठसे एका यादीत लिहितात. त्या यादीचा ठसा आणखी एका कागदात जातो, आणि त्या कागदावर भांडार सांभाळणाऱ्यांची डिजिटल सही असते. ती सही तपासायची किल्ली आपल्या यंत्रात आधीच, सीडीबरोबर आलेली असते. वस्तू हाती आली की अॅप्ट तिचा ठसा स्वतः काढतो, यादीशी ताडून पाहतो, यादी सहीशी ताडून पाहतो. जुळलं नाही तर स्पष्ट इशारा देतो. डेबियनच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २००७ पासून, ही तपासणी अॅप्टच्या अंगी आली. त्याआधी नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या काही सर्व्हरमध्ये घुसखोर शिरले होते. भांडार तेव्हा वाचलं, पण सहीची गरज सगळ्यांना नव्यानं दिसली.

याचा अर्थ लक्षात घ्या. मधला कोण आहे, चांगला की वाईट, हा प्रश्नच मागे पडतो. वस्तू दहा हातांतून येवो, कुणाच्या कपाटात आठवडाभर पडून राहो; मोहर शाबूत आहे की नाही ते घेणारा स्वतः पाहू शकतो. संत्र्याच्या बाजारात आपल्याला जे जमलं नाही, ते या मंडळींनी गणितानं साधलं. मधल्या माणसाकडून सेवा घ्यायची, पण त्याच्या इमानावर विसंबून राहायचं नाही.

हे वर्णन ऐकून सगळं निर्धोक आहे असं मात्र वाटू देऊ नका. मोहर वस्तू कुणाकडून आली ते सांगते, वस्तू आतून चांगली आहे की नाही ते सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या एका साध्या उपयुक्त सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. काम करून करून विश्वास मिळवलेल्या एका सहकाऱ्यानंच ती घातली होती. मोहर खरी होती, फळ किडकं होतं. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून शंका आली, म्हणून ती नेहमीच्या पक्क्या आवृत्त्यांत पोचण्याआधी पकडली गेली. तेव्हा मोजणी करणारं यंत्र कितीही चांगलं असलं, तरी फळ कापून पाहणारा माणूस लागतोच.

आणखी एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. २००९ पासून आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर कसं वापरायचं, ते सुमारे दहा-दहा मिनिटांच्या दृश्यफितींत, मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून दाखवलेलं. सीडीवर घालून इंटरनेटशिवायही पाहता येईल असं. सिनॅप्टिक या पॅकेज मॅनेजरवरही त्यात एक पाठ आहे. प्रॉक्सीचा पत्ता कुठे लिहायचा, नाव-पासवर्ड कुठे घालायचा, हे त्यात एकेक पायरी करून सांगितलं आहे. परदेशी पुस्तकं ही पायरी बहुधा गाळतात, कारण लिहिणाऱ्याच्या घरी भिंत नसते. आपल्याकडच्या लोकांनी ती पाठात घातली, कारण आपल्या लॅबना भिंत असते हे त्यांना ठाऊक होतं. तो पाठ मी पाहिला, तेव्हा मला माझे तीन दिवस आठवले.

आज परिस्थिती बदलली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला, की वरूडच्या बागेत बसून मुलं सिनेमे पाहतात. प्रॉक्सी मात्र गेलेली नाही. कॉलेजांत, बँकांत, कंपन्यांत ती आहेच. पुण्याला नोकरीला लागलेले आमचे विद्यार्थी फोन करून सांगतात, “सर, ब्राऊझर चालते, पण पॅकेज उतरून नाही राहिलं.” नवी नवी अवजारं आली, आणि प्रत्येकाला मधल्या माणसाचा पत्ता अजूनही वेगळा सांगावा लागतो. मी हसतो आणि विचारतो, “पासवर्डात अॅटचं चिन्ह आहे काय?”

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. मधला कारकून वस्तू आणून देतो, तसा कोणी काय मागितलं याची वहीही लिहू शकतो, आणि काय मागू द्यायचं नाही हेही ठरवू शकतो. मोहर वस्तूचं रक्षण करते, मागणाऱ्याचं नाही. म्हणून त्या खिडकीशी कोण बसतं, ती वही कोण वाचतं, आणि एखाद्या विद्यार्थ्याला नाही म्हणताना त्याला कारण सांगितलं जातं की नाही, हे प्रश्न यंत्राचे नाहीत. ते आपल्या संस्थांचे आहेत, आणि विचारले तरच त्यांची उत्तरं मिळतात.

ती मुलगी पुढे नागपूरला शिकायला गेली. वडील मात्र काही वर्षं दर हंगामाला हिशेबाचं पान छापून न्यायला लॅबमध्ये येत. कागद हातात घेतला, की आधी बोट ठेवून प्रत्येक ओळ वाचत, बेरीज स्वतः करून पाहत आणि मगच घडी घालून खिशात ठेवत. संगणक बेरजेत चुकत नाही, असं मी त्यांना एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, “नसंल चुकत. पन पाहून घेतलं का बरं वाटते.”